तुंब्यानं कसलं चेटूक केलं?

माडांखाली सगळं गाव लोटलं होतं. मधे टोपली, टोपलीत फणा काढलेला तपकिरी नाग, आणि समोर दगडासारखा बसलेला चारो मांत्रिक.

"हा साप नाही, न्यायाधीश आहे," चारो सांगत होता. "लाच खात नाही, नातं बघत नाही. चेटकिणीच्याच डोळ्यांत विष थुंकतो. मी मघापासून बसलोय, थुंकला माझ्यावर?"

"नाही," गाव म्हणालं.

करीसाच्या तीन शेळ्या मेल्या होत्या आणि आळ म्बोद्झे म्हातारीवर होता. पांढरे केस, चुलीच्या धुरानं लाल झालेले डोळे, घरात दुसरं माणूस नाही. एवढं पुरे होतं. चेटकीण ठरली तर दिवस बुडायच्या आत गाव सोडायचं. गेल्या महिन्यात शेजारची दामा अशीच गेली, डोळ्यांवर फडकं बांधून. म्बोद्झे तेव्हा गप्प राहिली. दामा गेल्यावर तिच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

चारो उठून तिला टोपलीसमोर बसवून बाजूला झाला. "घे शपथ, आजी. रीतीप्रमाणे तीनदा मान हलव आणि म्हण, मी केलं नाही."

"मी केलं नाही," म्बोद्झे म्हणाली. मान हलली नाही. नाग नुसता बघत राहिला.

"मान हलव."

"दामानं हलवली होती. माझ्या खुराड्यात अंडी खायला असाच एक येतो. संध्याकाळी बोलायला कुणी नसतं, मग मी त्यालाच बघत बसते. मी स्थिर, तर तो स्थिर. समोरचा चेहरा इकडेतिकडे हलला की भितो बिचारा, आणि थुंकतो. माझ्यावरही थुंकला होता. घागरभर पाण्यानं डोळे धुतले, दिसायला लागलं." तिनं हळूच हात पुढे केला. नागाला हाताचं काही नव्हतं. "करीसा, तुझा माडीचा तुंबा दे."

"रिकामा आहे, आजी."

"तुझ्याजवळ भरलेला राहील कसा?"

कुणीतरी हसलं. तिनं तुंबा काठीला अडकवून चेहऱ्याच्या उंचीवर, नागासमोर धरला. काही झालं नाही. मग तीनदा हलवला. दोन बारीक पिचकाऱ्या तुंब्यावर बसल्या.

"काढा आता तुंब्याला गावाबाहेर," ती म्हणाली.

"नाग चिडलाय आज," चारो पुटपुटला.

"मग तूच घे शपथ," करीसा म्हणाला. "हलव मान."

चारोनं 'नाही' म्हणायलासुद्धा मान हलवली नाही.

गाव पांगलं. माफी कुणी मागितली नाही, सोबतही कुणी आलं नाही. म्बोद्झे दामाला आणायला एकटीच निघाली.

देवावर श्रद्धा जरूर ठेवावी. पण कुणाला घर सोडायला लावण्याआधी एकदा तुंबा हलवून बघावा.