पांढऱ्या विटांची चौकट

शांतवनमामांनी मला फसवलं. ज्या हातांनी फसवलं त्या हातांना ओल्या चुन्याचा वास होता, आणि कुठे घराला रंग काढलेला दिसला की तो वास आजही माझ्या डोक्यात घुसतो.

मामा माझे नातेवाईक नव्हेत. अंबरनाथच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत सगळेच त्यांना मामा म्हणत. कबरस्तानाची किल्ली त्यांच्याकडे असे. ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह आला की ते बादलीत चुना कालवत आणि उन्हं कलेपर्यंत एकेका कबरीची कड पांढरी करत. उंच, किंचित वाकलेला देह, भुवयांवर चुन्याचे शिंतोडे, आणि ओठांत गीताची अर्धीच ओळ. उरलेली अर्धी जणू जमिनीखालच्यांनी म्हणायची होती. कारखान्यांकडून येणारी आंबूस हवा, करपलेलं गवत आणि चैत्राचा डोळे दिपवणारा उजेड यांत ते असे विरघळून जात, की पुष्कळदा आधी कुंचल्याची सळसळ ऐकू येई आणि माणूस मागाहून दिसे.

बाबांच्या कबरीशेजारची जागा आईसाठी होती. उल्हासनगरात फर्निचरला पॉलिश मारता मारता मी दुकानदार झालो, 'साईं, कुछ तो कम करो' म्हणणाऱ्या सिंधी गिऱ्हाइकांना पुरून उरलो. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. ही जागाही मंडळीच्या पंचांशी भांडून राखली, कारण शेवटच्या आजारात बाबांनी एवढंच मागितलं होतं, "हिला माझ्याजवळ ठेव." जमीन खडकाळ, एका खड्ड्यात दोघांपुरती खोली लागत नाही. मामांनी त्या रिकाम्या जागेभोवती विटांची चौकट मांडली, तिला चुना दिला आणि म्हणाले, "दावीद, मी आहे तोवर इथे गवताशिवाय काही उगवायचं नाही."

काही वर्षांनी ईस्टरच्या पहाटे आईला घेऊन मेणबत्त्या लावायला गेलो. अंधार अजून झाडांच्या बुंध्यांना चिकटून होता. आमच्या चौकटीत ताज्या मातीचा उंचवटा होता, त्यावर बांबूच्या दोन काटक्यांचा क्रूस. विटांना नवा चुना दिलेला. मामा बाजूलाच उभे होते, हात ओले.

"मामा, हे कोण?"

"चिखलोलीच्या बांधकामावरची बाई, झारखंडकडची. नवरा काल भर दुपारी टेंपोत घेऊन फिरत होता. कुठेच घेईनात. कुठल्या मंडळीची, ते त्याला सांगता येईना. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस होता, तेवढीच ओळख. पाळकसाहेब गावाला. ऊन असलं, दावीद…"

"मग तुमची जागा द्यायची! मामींच्या शेजारची!"

"तीच आधी खणली. हातभर खाली कातळ लागला."

"मला फोन करता येत नव्हता?"

ते हातांकडे बघत राहिले. "केला असता तर तू नाही म्हणाला असतास. मग ते ओझं जन्मभर तुझ्या गळ्यात. म्हटलं, दोष लागायचा तर मला लागू दे."

"वा! पुण्य तुमचं आणि जागा माझ्या आईची!"

मेणबत्त्या धरलेले लोक वळून बघू लागले. आईने माझा शर्ट ओढला. "ओरडू नको. मला तिचीच काळजी वाटते. तुझ्या बाबांची बडबड कशी ऐकणार बिचारी? तिला मराठी कुठे येतं!" आणि हातातल्या दोन मेणबत्त्यांपैकी एक तिने त्या परक्या मातीत खोचली.

तेव्हापासून मी स्वतःशीच वाद घालतो आहे. दान स्वतःच्या ताटातलं असतं. शेजाऱ्याच्या ताटातून उचललं की त्याला दुसरं नाव आहे. पण टेंपोत तापणारं एक प्रेत आणि घरात चहा पीत बसलेली माझी आई, या दोघींमध्ये ती दुपार मामांना उभं करून गेली, हेही मला नाकारता येत नाही. जागा गेली, त्याहून एक गोष्ट जास्त झोंबते. माझा नकार त्यांनी माझ्याआधीच ऐकला. तो खरोखर माझ्यात होता का, हे तपासायची वेळ त्यांनी माझ्यावर येऊच दिली नाही.

आता मामा खरवईला लेकीच्या घरी गॅलरीत बसलेले असतात. माणसं, वार, ऋतू त्यांच्यातून एकेक करून निघून गेले आहेत. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात त्यांचा हात मात्र कठड्यावरून सावकाश फिरतो, नसलेला कुंचला घेऊन. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "मामा, विचारलं असतंत तर दावीद नाही म्हणाला असता?"

मला न ओळखता ते हसले. "दावीद? फार मोठ्या मनाचा पोरगा. त्या बाईला स्वतःहून जागा दिली त्याने."

पहिल्यांदाच कुणी न मागता मला इतकं दिलं होतं, आणि ते माझं नव्हतं.

परवा मेथी निवडता निवडता आईने विचारलं, "मला कुठे ठेवशील रे?" मी दुकानाची सबब सांगून उठलो.

काळ माणसाला विसरण्याची मोकळीक देतो आणि त्याची आठवण दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून जातो. पण ज्या देवाच्या नावाने मामांनी ती चौकट उघडली, तो काहीच विसरत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मग त्यानेच मला सांगावं, त्या दुपारी फोन वाजला असता तर मी काय म्हणालो असतो. आणि माझ्या आईला कुठे ठेवायचं, याचंही उत्तर त्यानेच द्यावं.