हर्षदकाकांच्या मोबाइलवरची सुई

“काका, तुम्ही वळलात की उत्तर दिशापण तुमच्याबरोबर वळते का हो?”

मित्रांनो, हा प्रश्न ऐकला आणि वाटलं, डबीची काच फोडून बाहेर यावं आणि या पोरीचा गालगुच्चा घ्यावा! कोणीतरी विचारलं एकदाचं!

मी होकायंत्राची एक जुनी सुई आहे. अस्सल पोलादाची, निळ्या टोकाची. कारखान्यात मला चुंबक बनवून पितळी डबीत बसवलं. मग मुलुंडच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत माझी उमर गेली. मुलं डबी कशीही गरगरा फिरवायची, मी आपली हलतडुलत पुन्हा उत्तरेला हजर. “झकास!” म्हणायची पोरं. खरं तर त्यात माझी हुशारी काहीच नाही. पृथ्वीच्या पोटात खोलवर वितळलेलं लोखंड सतत घुसळत असतं, म्हणून अख्खी पृथ्वीच एखाद्या भल्यामोठ्या चुंबकासारखी वागते. ती ओढते, मी वळते. पण तिची ओढ फार नाजूक असते. जवळ दुसरं चुंबक आलं की माझं काही चालत नाही.

पुढे मोबाइलमध्येच होकायंत्र आलं आणि मी भंगारात गेले. तिथून मला उचललं नाहूरच्या हर्षदकाकांनी. काका घरोघरी वास्तू बघतात. त्यांच्या मोबाइलच्या कव्हरला झाकण चिकटून राहायला चुंबक आहे. आणि हे गृहस्थ मला ठेवतात कुठे? त्याच मोबाइलवर! अहो, बुडाखाली चुंबक ठेवून मला उत्तर विचारता? ओरडावं तर मला तोंड नाही. काका जातील तिकडे उत्तर! ऋतिका नावाच्या एका मुलीच्या घरचा फ्रिज गॅलरीत गेला, तो माझ्याच नावावर.

त्या रविवारी काका ऋतिकाच्या मैत्रिणीकडे, गार्गीकडे आले. तिला दहावीच्या पहिल्या चाचणीत विज्ञानात कमी मार्क पडलेले. टेबलाची दिशा चुकली, असं तिच्या बाबांच्या, म्हणजे शिवदासच्या, मनाने घेतलं होतं. गार्गीचं टेबल खिडकीशी. तिथून डोंगराची कड दिसते. या टेबलावर तिचा भारी जीव.

काकांनी मला मोबाइलवर ठेवलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. “शिवदास, उत्तर ही! टेबल इथे लाव.”

इथे म्हणजे वॉशिंग मशीनला खेटून! गार्गीचं तोंड एवढंसं झालं. पलंगावर बसलेल्या ऋतिकाने तिला कोपर मारलं.

“आमच्याकडेपण ते वळले तशी सुई वळली गं. विचार ना! हिंमत नाही तुझ्यात. विचारलंस तर उद्याची शेवपुरी माझ्याकडून.”

आणि गार्गीने तो प्रश्न विचारला.

“वळून दाखवू? बघ!” काका तडकले आणि गर्रकन वळले. मीपण वळले. काय करणार! उत्तर मशीनवरून थेट संडासाच्या दारावर गेली.

“अहो,” गार्गीची आई बाबांना म्हणाली, “आता हिला काय संडासात बसवायचं अभ्यासाला?”

ऋतिका फिसकन हसली. काकांनी डबीवर टिचकी मारली. “यंत्र बिघडलंय.”

मी बिघडले? मी?

“मी बघू?” म्हणत गार्गीने मला उचललं. मोबाइलपासून लांब, खिडकीच्या लोखंडी ग्रिलपासूनही लांब, लाकडी टेबलाच्या मधोमध ठेवलं. कितीतरी दिवसांनी मला पृथ्वीची ती नाजूक ओढ जाणवली. डुलले, थरथरले, थांबले. माझं निळं टोक थेट खिडकीकडे! टेबलाचं तोंड आधीपासूनच उत्तरेला होतं.

बाबांनी डोकं खाजवलं. “मगे मार्क गेले खंय?”

“ठेव ते बिघडलेलं तुलाच,” म्हणून काका चपला घालायला लागले.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला खोटी ठरवण्याआधी माझ्या बुडाखाली काय ठेवलंय, ते तरी बघत जा.

गार्गीने मला कंपासपेटीशेजारी नीट ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“आई, बाबा, ठरलं. टेबल इथून हलणार नाही. आणि आता दिशेवर ढकलायची सोयपण उरली नाही. वाट लागली माझी! बसते अभ्यासाला.”