डेपोमागचा दवाखाना

बस डेपोच्या मागच्या गल्लीत डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. बाहेर एक लांब बाक, आत तपासणीचं टेबल, औषधांचं कपाट आणि एक पाय हलणारी खुर्ची. एवढ्यावर बाईंनी अख्खी वस्ती सांभाळली होती. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले मेकॅनिक, त्यांच्या बायका, म्हातारे आईबाप, सगळे त्या डगमगत्या खुर्चीत बसून पोटातलं ओठावर आणायचे. कोण चोरून पितो, कोणाला मूळव्याध आहे, कोणाचा नवरा हात उचलतो, बाईंना सगळं ठाऊक. "इथलं बोलणं या भिंतींबाहेर जात नाही," हे त्या इतक्यांदा म्हणाल्या होत्या की सिस्टर चेष्टा करायची, "ताई, आता भिंतींनाही पाठ झालंय."

तो शब्द त्यांनी एकदा मोडला. मोडायलाच हवा होता, यात कोणाचं दुमत नाही.

डेपोत एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे भोंगा म्हणत. गाडीचा हॉर्न बिघडला तर खिडकीतून नुसतं ओरडून रस्ता मोकळा करील असा त्याचा आवाज. एका सकाळी तो सुजलेली जीभ घेऊन आला. "काही नाही हो ताई, दातांखाली आली. लावायला काहीतरी द्या." बाईंनी पाहिलं तर जिभेच्या कडेला खोल व्रण. त्यांनी दार लोटलं, खुर्ची जवळ ओढली आणि गप्प बसून राहिल्या. आपण गप्प बसलं की समोरचा बोलतो, ही त्यांची जुनी युक्ती. भोंगा बोलला. महिन्याभरात दोनदा फिट आली होती, एकदा न्हाणीघरात, एकदा जेवताना. बायकोने घाबरून तोंडात चमचा घातला होता.

"गाडी बंद," बाई म्हणाल्या. "औषध लागू पडेपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ."

"स्टिअरिंग हातात असलं की नाही येत हो ती."

"तिने तसं लिहून दिलंय का तुम्हाला?"

भोंगा हसला, आणि हसता हसता रडायला लागला. ऑफिसात जाऊन स्वतः सांगतो, असं त्याने कबूल केलं. आणि त्याच आठवड्यात दवाखान्यासमोरून खच्चून भरलेली गाडी घेऊन गेला, वर खिडकीतून हातही केला. बाईंनी त्याला गाठून सांगितलं की आता मी कळवणार आहे. पाठीमागून वार करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मग त्यांनी डेपो मॅनेजरला फोन केला.

भोंग्याला गाड्या धुवायला लावलं. डेपोच्या भर आवारात, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशा जागी, रबरी बूट घालून तो पाण्याचा पाइप धरून उभा राही. ओरडायचं त्याने सोडून दिलं. त्याची म्हातारी आई एकदा दवाखान्याच्या दारात आली, आत काही आली नाही. "आईसारखं समजून सांगितलं होतं त्याने तुम्हाला," एवढं म्हणाली आणि गेली. बाईंच्या जिवाला ते फार लागलं. पण रस्त्यावर मढी पडण्यापेक्षा म्हातारीचे शब्द परवडले, असं त्यांनी मनाला समजावलं. पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं. फक्त पुस्तक काही डेपोमागच्या गल्लीत राहत नाही.

त्यानंतर दवाखान्यात पुरुष दिसेनासे झाले. "रुसलेत," बाई सिस्टरला म्हणाल्या. "पोटात दुखलं की येतील झक मारत." ते आले नाहीत. बायका मात्र येत राहिल्या, उलट वाढल्या. कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या बायका स्वतःहून येऊन रक्तदाब मोजून घेऊ लागल्या, मधुमेहाच्या गोळ्या मागू लागल्या, छातीत धडधडतं म्हणू लागल्या. बाईंना इतका आनंद झाला की आरोग्य खात्याच्या बैठकीत उभं राहून त्यांनी सांगितलं, आमच्याकडच्या बायका आता स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष द्यायला लागल्यात. टाळ्यासुद्धा पडल्या. शहाण्या माणसाला फसवायला फारसं काही लागत नाही, त्याला हवं ते दाखवलं की झालं.

त्यातच एक दिवस शिवणवाली आली. गल्लीच्या तोंडाशी तिचं शिलाई मशीन होतं आणि दवाखान्याचे पडदेही तिनेच शिवले होते. तिचा नवरा ड्रायव्हर होता. गडी अंगाने भरलेला पण अबोल, बाईंशी त्याची नमस्कारापुरती ओळख. ही मात्र चिपाडासारखी, बोलायला चुणचुणीत.

"ताई, मला मधेच काहीतरी होतं. डोळे एका जागी थिजतात. हाक मारली तरी कळत नाही. ओठ चावल्यासारखे हलत राहतात आणि हात बटणाशी चाळा करत राहतो. मग थोड्या वेळाने सगळं पहिल्यासारखं."

बाई ऐकतच राहिल्या. फिटचा हा प्रकार भल्याभल्यांना सांगता येत नाही, आणि ही पोरगी पाठ म्हणावा तसा सांगत होती. अशी स्वच्छ हकिगत सांगणारे पेशंट मिळाले तर डॉक्टरचं निम्मं काम झालं, असं त्या सिस्टरला म्हणाल्यासुद्धा. आपले थिजलेले डोळे हिने पाहिले कसे, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही. बाहेर बाक गच्च भरला होता. आणि बटणाचं म्हणाल तर शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातात बटण असायचंच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मोठ्या इस्पितळात पाठवून त्यांनी तिच्या मेंदूचा आलेख काढून घेतला. तो ठणठणीत आला. बाई त्याने हुरळून जाणाऱ्या नव्हत्या, आलेख चांगला आला म्हणून आजार नाही असं होत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी गोळी लिहून दिली, तिची अंगकाठी बघून हलक्या डोसाची.

"विस्तवाजवळ जपून. मशीनची मोटर काढून ठेव, काही दिवस पायानेच चालव. आणि सुरुवातीला या गोळीने झोप येईल. दुपारी जरा आडवी झालीस तरी चालेल."

"बरं ताई."

"गाडी चालवायची नाही, हे तुला सांगायला नको."

"मी कुठली गाडी चालवणार," असं म्हणून ती हसली. बाईही हसल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी भर दुपारी डेपोच्या बाजूने मोठा आवाज झाला. पाठोपाठ माणसं ओरडत धावली. बाई आणि सिस्टर हाताला लागेल ते घेऊन निघाल्या. नाक्यावरच्या थांब्यावर बस चढली होती. एक म्हातारे गृहस्थ जागच्या जागी गेले होते. एक कॉलेजची मुलगी फुटपाथवर पडली होती, तिच्या मांडीतून रक्त वाहत होतं. बाईंनी गुडघे टेकले, दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. "बोलत राहा माझ्याशी, नाव सांग, कुठे राहतेस सांग," असं त्या म्हणत राहिल्या. मुलीने नाव सांगितलं. मग घराचा पत्ता सांगायला लागली आणि मधेच थांबली. अ‍ॅम्ब्युलन्स आली तोवर बाईंच्या हाताखाली काहीच उरलं नव्हतं.

त्या उठल्या तेव्हा बसच्या पायरीवर ड्रायव्हर बसलेला दिसला. लोक त्याच्या अंगावर धावून जात होते, "प्यायलाय साला!" म्हणत होते. त्याला त्यातलं काही पोचत नव्हतं. त्याचे डोळे समोर कुठेतरी लागले होते. ओठ चावल्यासारखे हलत होते. उजव्या हाताची बोटं शर्टाच्या वरच्या बटणाशी चाळा करत होती.

बाईंनी त्याला हाक मारली. शिवणवालीच्या नवऱ्याला ती कळली नाही.

दारू प्यायलेली नव्हती, हे तपासणीत सिद्ध झालं. गाडी जुनी होती, ब्रेकबद्दल तक्रारी होत्याच. डेपोला तेवढं कारण पुरलं. ब्रेक निकामी, माणूस बिचारा धक्क्यात आहे, जरा सावरला की कामावर येईल, असं ठरलं. बाईंनी या दिवसांत कितीदा फोन उचलला आणि खाली ठेवला. तो त्यांचा पेशंट नव्हता. त्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. धक्का बसलेल्या माणसाचेही ओठ हलतात. स्वतःला फसवायला माणसाला किती कारणं सापडतात! शिवणवालीला त्यांनी निरोप पाठवला, तर मशीनला कुलूप होतं.

मग एका संध्याकाळी, रात्रीच्या गाड्या सुटायच्या आधी, ती आपण होऊन आली. खुर्चीत बसली, हात मांडीवर घट्ट धरले.

"ताई, गोळी कमी पडतेय. डोस वाढवून द्या."

"कोणाला कमी पडतेय?"

"मला."

"ती मुलगी माझ्या हाताखाली गेली गं," बाई म्हणाल्या. "पत्ता सांगत होती मला."

 शिवणवाली खालमानेने बोलायला लागली, अगदी हलक्या आवाजात. "मी त्यांना म्हटलं होतं, ताईंकडे चला. म्हणाले, भोंग्याचं काय झालं बघितलंस ना? मला गाड्या धुवायला लावतेस? मग मी आले. आलेखासाठी डोक्याला तारासुद्धा लावून घेतल्या. वाटलं, गोळी लागू पडली की कोणाला कळणारही नाही."

"तू केवढी, तो केवढा. तुझ्या अंगाच्या मापाची गोळी त्याला कशी पुरेल? वर त्या गोळीने झोप येते, हे सांगितलं होतं मी तुला."

"सांगितलं होतंत. दुपारी आडवी झालीस तरी चालेल, म्हणालात. त्यांची दुपारची ड्युटी असते, ताई."

बाईंना स्वतःची चीड आली, तिची आली, त्या मुक्या गड्याची आली, आणि कोणाचीच पुरी येईना. त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"ड्युटीवर कधी जाणार आहे?"

"परवापासून."

"मी आत्ता फोन करणार आहे. तुझ्यासमोर."

"करा. माझा डोळ्याला डोळा लागत नाही. त्या थांब्यावरून जायचं म्हणजे पाय उचलत नाहीत." ती उठून उभी राहिली. "पण आमच्या एका घराचं काय घेऊन बसलात, ताई? बाहेर बाकावर बसल्यात ना, त्यांतल्या स्वतःसाठी कितीजणी आल्यात ते विचारा एकदा."

बाईंनी फोन लावला. मॅनेजर कानाने जड होता, त्यामुळे त्यांना प्रत्येक वाक्य मोठ्याने आणि दोनदा सांगावं लागलं. फिट येतात. हो, फिट. त्याला गाडीवर चढू देऊ नका. माझ्याच गोळ्या खात होता, हो, मीच दिल्या. गोळ्या, गोळ्या! फोन ठेवला तेव्हा शिवणवाली निघून गेली होती. दार तिने उघडंच टाकलं होतं.

पुढची बाई आत आली, वर्कशॉपशेजारच्या चाळीतली. नवरा रातराणीच्या गाडीवर होता, रात्रभर चालवायचा. खुर्चीच्या काठावर ती कशीबशी टेकली.

"ताई, मला ना हल्ली अंधार पडला की नीट दिसत नाही. समोरून दिव्यांचा झोत आला की डोळ्यांपुढे नुसतं पांढरं होतं."

बाईंनी डोळे बघायला उचललेली बॅटरी टेबलावर ठेवली.

"तुला होतं असं," त्यांनी विचारलं, "की घरातल्यांना?"

त्या बाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या फोनकडे.

"तसं फार काही नाही, ताई," ती उठत म्हणाली. "येते नंतर कधीतरी. घरी कामं पडलीत."

"थांब. बस जरा. अगं, रागावत नाहीये मी."

ती थांबली नाही. बाहेर चपला सरकवल्याचे आवाज झाले, पुष्कळ चपलांचे. थोड्या वेळाने सिस्टर दारात आली. "ताई, बाकावर कोणीच नाही. सगळ्या गेल्या."

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. डेपोच्या मागच्या फाटकातून रात्रीच्या गाड्या दिवे लावून एकेक बाहेर पडत होत्या, आणि कोणत्या स्टिअरिंगमागे कोणता आजार बसलाय ते आता त्यांना कोणीही सांगणार नव्हतं.