जुन्या फांदीवरची फुले

मित्रांनो, मी जुन्या जातीचा एक गुलाब आहे. फुलवाल्याकडे लांब दांड्यांवर जे गुलाब मिळतात, ते माझे फार धाकटे भाऊ. त्यांचे रंग माझ्यापेक्षा भडक असतात आणि ते सबंध उन्हाळा फुलत राहतात. मी मात्र वर्षातून एकदाच, जून महिन्यात फुलतो. माझी फुले फिकट गुलाबी आणि पाकळ्यांनी गच्च भरलेली असतात. सुगंधाविषयी मी स्वतः काय सांगू? ते काम माणसांचे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ईडन प्रेरी नावाचे गाव आहे. तिथल्या एका घराच्या पुढच्या अंगणात मी राहतो. मला इथे एव्हलिनबाईंनी लावले. त्यांच्या माहेरच्या शेतावर गुलाबाचे जुने झुडूप होते. त्याच्या मुळाशी फुटलेला धुमारा म्हणजे मी. ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्यांनी मला आणले. इथली थंडी हाडे गोठवणारी, पण बर्फाच्या पांघरुणाखाली मी सुखाने झोपतो. एव्हलिनबाईंच्या हाताखाली माझी कितीतरी वर्षे आनंदात गेली.

पुढे त्यांचे गुडघे थकले. २००१ साली घर विकून त्या मुलाच्या घराजवळ राहायला गेल्या. व्यवहार एजंटामार्फत झाला, त्यामुळे नव्या मालकांशी त्यांची गाठ पडली नाही. प्रताप, त्याची बायको पद्मजा आणि त्यांची लहानगी अनया राहायला आली, ती ऑगस्टमध्ये. तोवर माझी फुले गळून गेली होती.

प्रताप नागपूरचा. त्याच्या वडिलांना गुलाबांची हौस होती. "गुलाब जितका कापावा, तितका फुलतो," हे त्यांचे वाक्य प्रतापच्या मनात पक्के बसले होते. म्हणून बर्फ वितळला की दर एप्रिलमध्ये तो कात्री घेऊन येई आणि मला वीतभर उरेपर्यंत छाटून टाकी. त्याच्या वडिलांच्या गुलाबांसाठी ते बरोबरच होते. पण माझ्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात. त्या फांद्याच गेल्यावर मी फुलणार कुठे? पाने फुटत, काटे येत, उंचीही वाढे. जून मात्र कोरडा जाई. आणि मला बोलता येत नव्हते.

मित्रांनो, मी प्रतापला दोष देत नाही. ऑफिसातून दमून आला तरी तो मला पाणी घालायचा. हिवाळ्यात सशांनी साल कुरतडू नये म्हणून माझ्याभोवती जाळी लावायचा. न फुलणाऱ्या झाडासाठी एवढे कोण करते? पण चार उन्हाळे असेच गेल्यावर पद्मजा म्हणाली, "हा काढून इथे बसायला जागा करू या का?" प्रतापने माझ्याकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली.

त्याच हिवाळ्यात नागपूरला त्याचे वडील वारले. प्रताप आईला, शोभनाबाईंना, इकडे घेऊन आला. त्या दिवसभर खिडकीशी बसून असत. विचारले तेवढेच बोलत. अनया शाळेतून आली की इंग्रजीत भराभर काही सांगे, आजी नुसती तिच्या केसांवरून हात फिरवी.

मार्चमध्ये प्रताप अंगणातल्या बर्फावरून घसरला आणि त्याचा उजवा हात मोडला. एप्रिल आला.

"यंदा गुलाबाचं कसं करायचं?" पद्मजाने विचारले.

"राहू दे यार. जूनमध्ये काढायचाच आहे. माणूस बोलावलाय मी."

अशा रीतीने प्रताप आल्यापासून माझ्या फांद्या पहिल्यांदाच वाचल्या. जून लागला तेव्हा माझे सारे अंग कळ्यांनी भरले होते. घरातल्या कोणाचे लक्ष नव्हते. खिडकीतून शोभनाबाईंनी मात्र पाहिले. शाल गुंडाळून त्या एकट्याच बाहेर आल्या. एक कळी त्यांनी दोन बोटांत हलकेच धरली आणि आत हाक मारली.

"प्रताप, त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग."

"आई, चार वर्षांत एक फूल नाही दिलं यानं."

"आता देतोय ना. बघू तरी."

प्रतापने फोन करून काम कॅन्सल केले. त्या आठवड्यात मी फुललो, आणि असा फुललो की माझ्या फांद्या जमिनीला टेकल्या. शोभनाबाईंनी फुलात नाक खुपसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"गुलकंदाचा वास आहे हा," त्या म्हणाल्या. "यांना फार आवडायचा. जेवण झालं की चमचा घेऊन उभे."

"आबा? लाइक अ लिटल किड?" अनयाने विचारले.

"अगदी तस्सेच," आजी म्हणाली आणि हसली. मग कितीतरी वेळ ती नातीला आबांच्या गोष्टी सांगत माझ्याजवळ बसून राहिली.

पुढच्या रविवारी एक गाडी घरासमोर थांबली. मुलाचा हात धरून एव्हलिनबाई उतरल्या. दर जूनमध्ये त्या मला पाहायला या रस्त्याने येत, फूल दिसले नाही की गाडीतून न उतरताच परतत. मी मेलो, अशीच त्यांची समजूत झाली होती.

"तुम्ही याला असं केलंत तरी काय?" त्यांनी प्रतापला इंग्रजीत विचारले.

"काहीच नाही. हात मोडला होता, म्हणून छाटता आलं नाही."

एव्हलिनबाई हसत सुटल्या, डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग त्यांनी माझी जुनी फांदी उचलून तिच्यावरची फुले त्याला दाखवली. वाळकी फांदी तेवढी काढायची, बाकी कात्री लावायची ती बहर सरल्यावर, असे समजावले. प्रताप हळूच "सॉरी" म्हणाला. त्यांना म्हणाला की मला, ते कळले नाही. मी तर केव्हाच माफ केले होते.

शोभनाबाईंनी माझ्या पाकळ्या साखरेत मुरवून उन्हात ठेवल्या. गुलकंदाची पहिली बरणी एव्हलिनबाईंकडे गेली, सोबत माझा मुळासकट काढलेला एक धुमाराही. तो आता त्यांच्या नव्या खिडकीखाली वाढतो आहे.

आता २००८ साल आहे. गावातल्या उल्का मावशींकडे, चंद्रशेखर काकांकडेही माझे धुमारे पोचले आहेत. एप्रिलमध्ये प्रताप कात्री घेऊन आला की अनया शेजारी उभी राहते आणि म्हणते, "बाबा, नॉट दॅट वन." ती आजीशी मोडके मराठी बोलते, आणि आजी ते कौतुकाने ऐकते.

मित्रांनो, ज्यांनी मला लावले, ज्यांनी चुकूनही माझे पाणी तोडले नाही आणि ज्यांनी मला वाचवले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. तुमच्याही अंगणात एखादे न फुलणारे झाड असेल. ते उपटण्याआधी त्याची रीत कोणाला तरी विचारा. सांगणारे कोणी भेटलेच नाही, तर एक वर्ष कात्री बाजूला ठेवा, पाणी मात्र घालत राहा. त्याला काय सांगायचे आहे, ते झाड आपणच सांगेल.