कुलपांचे क्रमांक

ऑफिसात तिला सगळे 'घाई' म्हणत. नाव ठेवलं होतं मास्तरने. तो काही शिक्षक नव्हता. पण साधं काही विचारलं तरी उठून फळ्यावर आकृती काढायचा, म्हणून मास्तर. सहा वर्षं दोघांच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या. तो परदेशी गेला त्याला दोन वर्षं झाली, तरी काही अडलं की ती अजून खुर्ची अर्धी वळवायची. मागे आता प्रिंटर होता.

त्यांचा प्रोग्राम रक्ततपासणीची यंत्रं चालवायचा. महिन्या-दोन महिन्यांनी तो अचानक ठप्प व्हायचा. एका वेळी एकाच कामाने वापरायच्या गोष्टींना त्यात कुलपं होती. एक काम नमुन्यांच्या ट्रेचं कुलूप धरून नोंदींच्या कुलपाची वाट बघत बसे, दुसरं नोंदींचं धरून ट्रेच्या. दोन्ही जागची हलत नसत. मास्तरचं म्हणणं, प्रत्येक कुलपाच्या टाइपमध्येच, म्हणजे कोडमधल्या त्याच्या व्याख्येतच, क्रमांक घालू. कुणी उलट्या क्रमाने कुलूप मागितलं, तर कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर तो बनवूच देणार नाही. साहेबांनी ते उडवून लावलं आणि प्रोग्राम अडकण्याचं खापरही मास्तरच्याच माथी फोडलं. त्याने राजीनामा दिला.

एका सोमवारी सकाळी प्रोग्राम पुन्हा अडकला, तेव्हा तिने क्रमांक द्यायचं मास्तरचं अर्धवट राहिलेलं काम शोधून काढलं. आठवडाभर खपून एकेका कुलपाला क्रमांक दिला. शुक्रवारी कंपायलरने एक ओळ नाकारली. ती कुणी लिहिली होती ते तिने पाहिलं. तिनेच, नोकरीच्या पहिल्या वर्षी.

तिने लगेच त्याला फोन लावला.

"चूक माझी होती, मास्तर. बोलणी तू खाल्लीस."

तो म्हणाला, "कंपायलरने नेमकं काय म्हटलंय? वाच ना."

"दोन नंबरचं कुलूप हातात असताना एक नंबरचं मागता येणार नाही."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

सोमवारी तिने साहेबांना सगळं खरं सांगितलं. साहेबांनी मास्तरला माफीचं पत्र पाठवलं, परत ये म्हणून गळही घातली. पण त्याची मुलगी तिकडच्या शाळेत रुळली होती. तो आला नाही.

प्रोग्राम मात्र त्यानंतर एकदाही अडकला नाही. त्यामुळे मास्तरला फोन करायला तिच्याकडे काही कारणच उरलं नाही. सहा महिने तिने कळ काढली. मग एका रविवारी दुपारी उगाचच फोन लावला. पुष्कळ वेळ रिंग वाजली. शेवटी तो "बोल, घाई" म्हणाला, आणि ती म्हणाली, "काही अडलेलं नाही, मास्तर."