मागच्या तुकडीतली

नाडीच्या टोकाचं प्लॅस्टिक केव्हाच गळून पडलं होतं, आणि आता त्या सुटलेल्या धाग्यांचा झुपका बुटाच्या भोकातून काही केल्या जात नव्हता. लोर्नाने तो ओठांत धरून ओला केला, चिमटीत पिळला, पुन्हा भोकाशी नेला — एक धागा आत गेला, बाकीचे बाहेरच विस्कटून राहिले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर तिळाएवढे स्क्रू बसवणारे हे हात. तिथे कधी थरथरत नाहीत. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी नीट टेकवायची, मागे सरायचं, विचारायचं — आता बरं दिसतंय का? आणि रविवारी सकाळी मात्र, या वाहनतळावर, एक नाडी ओवता येत नाही.

काचेपलीकडे सरोवर होतं. एप्रिल उजाडला तरी अमेरिकेच्या उत्तरेकडच्या डुलूथ गावाच्या किनाऱ्यावरचा हिवाळा हटलेला नव्हता. बर्फाचे पातळ तुकडे काठाशी साचलेले होते आणि लाट आली की फुटक्या काचा चाळल्यासारखा आवाज व्हायचा. गाडीच्या काचा बंद असूनही तो ऐकू येत होता. पलीकडे रविवारी पळणाऱ्या गटाच्या पुढच्या तुकडीतले लोक जागच्या जागी उड्या मारत होते. त्यांचे पाय जमिनीला टेकतात की नाही, असा लोर्नाला नेहमीच संशय यायचा.

ट्रूडीची गाडी अजून आली नव्हती. बरं झालं. वाक्य एकदा पुन्हा म्हणून बघता येईल. ट्रूडी, मी जूनमधली मॅरेथॉन पळत नाहीये. — एवढंच. कारण द्यायचं नाही. कारण दिलं की ट्रूडी ते कारण हातात घेऊन उलटसुलट करून बघणार, आणि मग हसत हसत परत देणार: हे काय कारण झालं?

काल रात्री जेवताना नवऱ्याला, वेसला, सांगितलं होतं. वाइल्ड राइसच्या सूपमध्ये ब्रेड बुडवत तो म्हणाला, “मग नको पळूस. कोणी जबरदस्ती केलीय का?” वेस असाच. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्यावर कशाची म्हणून सक्ती केली नाही. तो चांगुलपणाच काल तिला नको होता. तिला हवं होतं की त्याने म्हणावं — वेडी आहेस का, पळ! किंवा निदान विचारावं, का? पण त्याने मीठ मागितलं, आणि तिने दिलं. मी पळणारी नाहीच मुळी, असं तिला म्हणायचं होतं. मी नुसती पळायला येणारी. या दोहोंत फरक असतो. पळणाऱ्या माणसांना तो कळतो, आणि मलाही कळतो, म्हणून तर...

काचेवर टकटक झाली. ट्रूडी. लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, नाक लाल.

“अगं उतर की! का मला बघून दार लावून घेतलंस?”

“नाडी,” लोर्ना म्हणाली.

“दे इकडे.” ट्रूडी गाडीच्या दारात गुडघ्यावर बसली, धाग्याला दातांनी एक हिसका दिला, आणि नाडी आत गेली. हे असं. ट्रूडीला सगळं असंच जमतं.

दोघींनी सुरुवात एकत्रच केली होती. पाच हिवाळ्यांपूर्वी, मॉलच्या आत गोल गोल चालता चालता, कोपऱ्यावरच्या बुटांच्या दुकानापासून कारंज्यापर्यंत एकदा पळून बघू म्हणून. पळाल्या, आणि कारंज्याच्या कठड्यावर बसून इतक्या हसल्या की पहारेकरी येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना. मग हळूहळू ट्रूडी पुढे गेली. त्यात भांडण नव्हतं. पहिली तीन वर्षं ती लोर्नाबरोबर पळत होती, मग थोडी पुढे, आणि गेल्या वसंतात ती त्या उड्या मारणाऱ्या लोकांत होती. लोर्ना मागे राहिली, हॅरॉल्डबरोबर. हॅरॉल्ड म्हणजे लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या जहाजांवरचा निवृत्त इंजिनियर. गुडघे गेल्यापासून सायकलवर पाण्याच्या बाटल्या लावून मागच्या तुकडीच्या आगेमागे फिरतो. कधी कधी मागच्या तुकडीत लोर्ना एकटीच असते. तरी तो तिला तुकडीच म्हणतो. “चला, तुकडी! आवरा!”

आणि मग डिसेंबरमधला तो फोन. ट्रूडी रडत होती. पावलाच्या हाडाला केसाएवढी चीर गेलीय, डॉक्टर म्हणतायत वसंतापर्यंत पळायचं नाव काढू नका. लोर्ना म्हणाली, अरे देवा, ट्रूडी, अरे देवा... आणि तेव्हाच तिचं लक्ष आपल्या दुसऱ्या हाताकडे गेलं. तो हात ओट्यावरून फडकं फिरवत होता. नेहमीसारखा नाही — भरभर, तालात, सणाच्या आदल्या दिवशी घर आवरताना फिरवावा तसा. तिने हात थांबवला. फडकं नळावर नीट वाळत घातलं. पण तेवढ्याने पाहिलेलं थोडंच न पाहिलेलं होणार होतं?

“आज मी तुझ्या तुकडीत,” गाडीच्या दाराशी ट्रूडी म्हणत होती. “सांभाळून घे हं. चार महिने सोफ्यावर बसून लेमन बार खाल्लेत मी.”

“तू आणि लेमन बार.”

“वेसलाच विचार. त्यानेच आणून दिले निम्मे.”

हे लोर्नाला माहीत नव्हतं. ते तिने ऐकून घेतलं आणि दोघी निघाल्या.

किनाऱ्याचा जुना रस्ता, डाव्या हाताला बर्च, उजवीकडे सरोवर. जाताना वारा पाठीशी होता. ट्रूडी बोलत होती — तिच्या शाळेतल्या गणिताच्या वर्गाबद्दल, एका पोराने पेपरात उत्तराऐवजी तिचंच चित्र काढलं त्याबद्दल, सासूबद्दल. लोर्ना हूं हूं करत होती. वाक्य जिभेवर होतं. पहिली टेकडी संपली की सांगू... संपली. मोटेलची पाटी गेली की. पाटी गेली. आणि एकीकडे मनात तेच जुनं चाललेलं: ही माझ्यासाठी हळू पळतेय. दुखण्यातून उठून आली तरी हिला माझ्यासाठी हळू पळावं लागतंय. आपण जरा पाय उचलावेत. लोर्नाने पाय उचलले.

ते उचलले गेले, हीच गंमत.

सगळा हिवाळा ती एकटी पळाली होती. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून, दुकान उघडायच्या आधीच्या काळोखात, बर्फ हटवलेल्या रस्त्यांच्या कडेने. घड्याळाची बॅटरी संपली तेव्हा नवी घातली नाही. ते मनगटावर बसून सारखं तोंड वाकडं करायचं. कोणी नव्हतं बघायला. हॅरॉल्डसुद्धा बर्फात सायकल काढत नाही. कधी कधी भुवयांवरचं दंव वितळून डोळ्यांत जायचं आणि तिला वाटायचं, मी का करतेय हे? ट्रूडी तर नाहीये. ट्रूडी नसताना कोणाच्या मागे पळतेय मी? पाय तेवढे पडत राहायचे.

फ्रेंच नावाच्या नदीच्या पुलावर हॅरॉल्ड बाटल्या घेऊन उभा होता.

“आलात? मला वाटलं कॉफी प्यायला थांबलात कुठे,” तो म्हणाला, आणि मग लोर्नाकडे जरा निरखून बघत, “तुला काय झालंय?”

“काय झालंय?”

“काही नाही. पाणी पी.”

परत फिरल्यावर वारा समोरून आला. सरोवराचा वारा, त्याच्यात बर्फाचा वास. बराच वेळ गेला आणि लोर्नाला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं — घरातला फ्रिज अचानक बंद पडला की आधी कळत नाही काय थांबलंय, तसं. ट्रूडी बोलत नव्हती. आणि तिथे बोलण्याऐवजी एक दुसरा आवाज होता: खरखरीत, तुटका, शेवटी किंचित शीळ असलेला श्वास. तो आवाज लोर्नाला चांगला ओळखीचा होता. पाच वर्षं तो तिने आतून ऐकला होता. बाहेरून तो असा येतो, होय?

तिने पावलं आखडती घेतली. अगदी थोडी. खांदे तसेच ठेवले, हात तसेच, फक्त पाऊल जरा आधी टेकवायचं... ट्रूडीच्या लक्षात येणार नाही इतकंच. आणि तेव्हा छातीत ते पुन्हा उठलं, डिसेंबरमधलं, ओट्यावरून फिरणारं. किती नीच आहेस तू, लोर्ना. ही धापा टाकतेय आणि तुला...

“करू नकोस,” ट्रूडी म्हणाली.

“काय?”

“हेच. माझ्यासाठी हळू पळतेयस.”

“छे गं. मीच दमलेय.”

“थापा मारू नकोस.” ट्रूडी थांबली. कमरेवर हात ठेवून वाकली. “मी... थांब जरा... तीन वर्षं मी हेच केलंय तुझ्यासाठी. मला कळतं ते कसं असतं.”

लोर्नाही थांबली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने हातमोज्याने पुसलं. मला ठाऊक होतं, असं तिला म्हणायचं होतं; आणि ते खरंही होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि असं रस्त्याच्या मधोमध कोणीतरी ते काढून ठेवणं वेगळं. म्हणजे ते सगळे रविवार. मी धडपडत तुझ्याबरोबर राहायचे आणि राहिले म्हणून घरी जाऊन वेसला सांगायचे, ते...

“राग आला?” ट्रूडी खालूनच म्हणाली.

“आला.”

“येऊ दे बाई, येऊ दे.” ती सरळ झाली. तिचा चेहरा पांढरट पडला होता, वरचा ओठ घामाने ओला. “मग आणखी एक ऐक. त्या पुढच्या लोकांत मला कधी धड मजा आली नाही. दर रविवारी वाटायचं, आज ओळखणार हे मला. आज कोणीतरी म्हणणार, ए, ही मॉलमधली बाई इथे कशी घुसली? पाय मोडला ना, तर पहिल्या रात्री मी रडले. दुसऱ्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली... सुटले, असं झालं मला. हे मी कोणाला सांगितलं नाहीये.”

डिसेंबरमधल्या फडक्याची गोष्ट लोर्नाच्या ओठांपर्यंत आली. सांगून टाकावं. ट्रूडी, मलाही त्या दिवशी... पण ते सांगितलं तर ट्रूडी हसेल, लगेच माफ करेल, दाताने हिसका देऊन तेही ओवून टाकेल. नको. ते माझं आहे. ते माझ्याजवळच राहू दे थोडे दिवस. बघू त्याचं काय होतं.

“तू उड्या मारायचीस त्यांच्यात,” ती म्हणाली. “मला वाटायचं तुझे पाय टेकतच नाहीत.”

“भीतीने मारायचे!” ट्रूडी म्हणाली, आणि दोघींनाही हसू फुटलं, वाईट, खोकला आणणारं हसू. तेवढ्यात हॅरॉल्ड सायकल घेऊन आला आणि काही न विचारता एक पाय जमिनीला टेकवून उभा राहिला.

“जा तू पुढे,” ट्रूडी म्हणाली.

“नाही.”

“लोर्ना. जा म्हणतेय ना. मला इथे चालायचंय, आणि तू शेजारी असलीस तर मला चालता येणार नाही.”

“हिला मी आणतो,” हॅरॉल्ड म्हणाला. “मला काय, म्हाताऱ्याला तरुण बाईबरोबर चालायला मिळतंय. तू नीघ.”

ती निघाली. पहिली पावलं लाकडासारखी पडली. पाठीवर दोघांची नजर आहे असं वाटत होतं, आणि पळताना मी मागून कशी दिसते — बदकासारखी, वेस एकदा प्रेमाने म्हणाला होता. मग वळण आलं आणि नजर संपली. रस्ता मोकळा. वारा तोंडावर. तिने वाट पाहिली की आता अपराधी वाटेल, आणि तसं वाटलंही, बरगड्यांखाली टाचणीसारखं; पण त्याच्या शेजारीच दुसरं काहीतरी होतं आणि दोन्ही एकमेकांना न ढकलता राहत होती. हे काय आहे? आनंद म्हणावा तर त्यात ट्रूडीचा पांढरा चेहरा होता. जिंकणं म्हणावं तर पुढे कोणी नव्हतं आणि मागे... मागे जे होतं त्यापासून ती पळतही नव्हती. श्वास जोरात चालला होता. खरखरीत, तोच. पण आता तो तिला चोरून ठेवावासा वाटेना. असू दे. पळणाऱ्या माणसाचा श्वास वाजतोच.

जून अजून लांब आहे. मी ते वाक्य बोललेच नाही. उद्या बोलेन, किंवा नाही बोलणार... आत्ता या चढाचं बघायचं.

पुढच्या ओढ्याच्या तोंडाशी रात्रभर स्मेल्ट मासे धरून दमलेला एक माणूस जाळी गुंडाळत होता. कमरेपर्यंत रबरी बूट, बादलीत चांदीसारखी वळवळ. तिला येताना बघून त्याने हात वर केला.

“अजून लांब जायचंय का?” तो ओरडला.

एरवी तिने लगेच सांगितलं असतं. किती पळून झालं, किती उरलं, आणि उरलेलं आपल्याच्याने का होणार नाही, तेही. तिने तोंड उघडलं, आणि तिच्या ध्यानात आलं की तिला खरंच ठाऊक नाही.

“हो!” ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, पाण्यावरून गेला. तो माणूस हसला, काहीतरी बोलला, पण ते वाऱ्यात राहिलं. ती पुढे गेली होती.