दारात न आलेला फ्रीज

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. बेळगुंदीच्या जयाबाईंच्या स्वयंपाकघरात माझं आयुष्य गेलं. कारखान्यातले दिवस आता आठवत नाहीत. पण रताळ्यांचं पीक चांगलं आलं म्हणून त्यांच्या नवऱ्याने, भरमूअण्णांनी, मला टेम्पोतून घरी आणलं, तेव्हा अख्खी गल्ली बघायला लोटली होती, ते अजून लख्ख आठवतं. मी पोटात काय काय सांभाळलं म्हणून सांगू! शेजारच्या नागुबाईंचं इन्सुलिन, लग्नातली कुंद्याची मिठाई, गल्लीतल्या पोरांचा बर्फ. "लई गुणाचा हाय," असं जयाबाई सांगायच्या आणि मी जरा जोरातच गुरगुरायचो.

वय झालं तसा माझा दिवा गेला, दाराचं रबर सुटलं. दार लागावं म्हणून पुढे स्टूल लावावं लागायचं. माझं कौतुकही मग आटलं.

अशात शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या नावाचं पान जयाबाईंना मोबाईलवर दिसलं. तिथल्या नव्या फ्रीजच्या फोटोखाली त्यांनी 'भारी हाय' असं लिहिलं. लगेच उत्तर आलं: अभिनंदन, तुम्ही दोन दारांचा फ्रीज जिंकलात! आजच घरपोच मिळेल! बाईंना आकाश ठेंगणं झालं. आलेल्या लिंकवर त्यांनी नाव, पत्ता, एवढंच काय, एटीएम कार्डावरचे आकडेही भरले. मग मला रिकामं करून, नागुबाईंच्या मदतीने ढकलत पडवीत आणलं आणि भंगारवाल्याला सांगावा धाडला. माझ्या जागेवर रांगोळी काढली, ताटात हळदीकुंकू, नारळ आणि भाकरतुकडा तयार ठेवला. खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं.

दुपारी फोन आला. "मॅडम, गाडी तुमच्या गावच्या कमानीपाशी आली आहे. मोबाईलवर आत्ता एक नंबर आला असेल, तेवढा सांगा. लगेच फ्रीज उतरवतो."

रताळ्यांचे पैसे नुकतेच बँकेत जमा झाले होते. त्यांतूनच लेकीची, सौम्याची, कॉलेजची फी भरायची होती.

"दारात तर येऊ दे रं," जयाबाई म्हणाल्या. "आमच्यात नव्या वस्तूवरनं भाकरतुकडा ओवाळल्याबिगर देण्याघेण्याचं बोलत न्हाईत."

"वेळ नाही मॅडम. आत्ता नंबर दिला नाहीत तर बक्षीस दुसऱ्याला जाईल."

"जाईना का. रीत म्हंजे रीत. नागू, कमानीपातूर बघून ये गं."

तो आवाज आता चक्क दमदाटी करू लागला. तेवढ्यात नागुबाई परत आल्या. "जयाक्का, तितं गाडी न्हाय का काय न्हाय. म्हशी तेवढ्या बसल्यात."

जयाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी फोन बंद केला.

संध्याकाळी सौम्याने ते पान उघडून बघितलं. "आई, हे पान गेल्या आठवड्यात काढलंय. दुकानाचं खरं पान येगळं हाय. आणि हितं ज्येनं ज्येनं लिवलंय, त्या समद्यांनाच तुमी जिंकला म्हणून सांगितलंय. नंबर दिला असतास तर खातं साफ झालं असतं." तिने बँकेला फोन करून आधी ते कार्ड बंद करून घेतलं. पैसे जागच्या जागी होते.

जयाबाई मांडून ठेवलेल्या ताटाकडे बघून पोट धरून हसत सुटल्या. भंगारवाला आला तसा परत गेला. तिघींनी मिळून मला पुन्हा आत ढकललं. ताट तयारच होतं. जयाबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, दारावर कुंकू लावलं आणि नारळ फोडला. "केल्याली तयारी वाया कशाला घालवायची?" म्हणाल्या. चार दिवसांत माझं रबरही बदललं.

तेव्हा मित्रांनो, फुकटाच्या बक्षिसासाठी घाई करणारा कितीही गोड बोलला, तरी कार्डाचे आकडे आणि मोबाईलवर आलेला नंबर त्याला सांगू नका. आणि घरातलं जुनं माणूस असो की वस्तू, नवं येणार म्हणून त्याला पडवीत काढू नका. तिथून सगळं दिसतं, आणि फार वाईट वाटतं.